पोटातील दाहजन्य गाठी : त्यांचे निदान आणि उपचार

'पोटात गोळा येणे' हा मराठीतील वाक्प्रचार भयाचा वाचक आहे. परंतु पोटात खरोखरच एखादा गोळा हातास लागतो, तेव्हा ते भय नुसते शब्दाचे राहत नाही. घरातील माणसांच्या मनात प्रथम एकच शब्द उभा राहतो, आणि तो म्हणजे कर्करोग. दुसरीकडे, आपल्या भागात क्षयाचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे 'हा बहुधा क्षयच असावा' असे समजून, अधिक तपास न करता, त्याची औषधे सुरू होण्याचाही संभव असतो. हे दोन्ही तर्क होत. ते कधी खरे ठरतात, कधी ठरत नाहीत. पोटातील काही गाठी यांपैकी काहीच नसतात. त्या शरीराच्या दाहप्रक्रियेतून उद्भवलेल्या असतात, किंवा दाहाचा वेष धारण केलेले एखादे विरळ अर्बुद असतात. अशा गाठी कोणत्या, त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्या, आणि त्यांवर इलाज काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

विवेचन सुगम व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. गडहिंग्लज तालुक्यात हिरण्यकेशीच्या काठी राहणाऱ्या एका शेतकऱ्याची अकरा वर्षांची मुलगी आहे. दोन महिन्यांपासून तिला सायंकाळी बारीक ताप येतो. ती जेवत नाही, वाळत चालली आहे, चेहरा पांढरट दिसतो. एके दिवशी न्हाऊ घालताना आईच्या हातास बेंबीच्या उजव्या अंगास एक टणक गोळा लागतो. या मुलीस नेमके काय झाले असेल ?

दाह आणि अर्बुद

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. यांतील सुजेसाठी त्याने जो लॅटिन शब्द योजला, तोच पुढे 'ट्यूमर' या रूपाने अर्बुदाचा वाचक झाला. म्हणजे आज आपणांस भिवविणारा हा शब्द मुळात केवळ सुजेचा होता. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीही हा भेद पाहिला होता. सुश्रुताने पिकणारा विद्रधी आणि न पिकणारे अर्बुद यांची लक्षणे निरनिराळी दिली आहेत, आणि पोटातील गोळ्याचा 'गुल्म' या नावाने स्वतंत्र विचार केला आहे. चरकसंहितेतही गुल्मचिकित्सेस एक संपूर्ण अध्याय दिलेला आहे. हाताने चाचपून जेवढे कळणे शक्य होते, तेवढे त्यांनी जाणले. पुढील उलगडा सूक्ष्मदर्शकाने केला.

दाह ही शरीराची संरक्षक क्रिया होय. शरीरात जंतू शिरले अथवा इजा झाली म्हणजे त्या ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून रक्तद्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात व शत्रूशी झुंज सुरू होते. शत्रू हटला तर सूज ओसरते. तो चिवट निघाला तर शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊतकाचे कुंपण घालू लागते. शेजारची आतडी, त्यांवर पदरासारखी लोंबणारी वपा नामक चरबीची घडी, आणि लसीका ग्रंथी हे सारे एकमेकांस चिकटून एक पिंड तयार होतो. हीच दाहजन्य गाठ. अर्बुदाची गोष्ट वेगळी आहे. त्यात शरीरातील एखादी पेशी आपला मूळ नियम सोडून अनिर्बंध वाढू लागते. तिच्या वाढीस बाहेरच्या शत्रूची गरज राहत नाही.

नेहमी भेटणाऱ्या गाठी

विरळ विकाराकडे वळण्यापूर्वी नेहमीच्या विकारांचा विचार करणे हा वैद्यकातील जुना आणि शहाणपणाचा दंडक आहे. पोटाच्या उजव्या खालच्या भागात लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते. तेथेच मोठ्या आतड्याची थैलीसारखी सुरुवात, म्हणजे उंडुक, आणि त्यास लोंबणारे आंत्रपुच्छ असते. दाहजन्य गाठींचे हे आवडते ठिकाण होय.

पहिली गाठ आंत्रपुच्छाची. आंत्रपुच्छास, म्हणजे अपेंडिक्सला, सूज आल्यावर दोन-चार दिवसांत उपचार न झाल्यास वपा व आतडी त्याच्याभोवती गोळा होऊन त्यास वेढून टाकतात. अचानक सुरू झालेली वेदना, ताप, आणि काही दिवसांतच हाताला लागणारा दुखरा गोळा, असा तिचा क्रम असतो. अशा वेळी घाईने शस्त्रक्रिया केल्यास सुजलेल्या आतड्यास इजा पोहोचण्याचा धोका असतो. म्हणून पुष्कळदा रुग्णास रुग्णालयात ठेवून शिरेतून द्रव व प्रतिजैव औषधे देतात आणि गोळ्याची कड त्वचेवर रेखून तो रोज लहान होतो की नाही हे पाहतात. पू झाल्यास तो काढावा लागतो. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णात मात्र सूज ओसरल्यावरही आतड्याची तपासणी करणे इष्ट असते. कारण याच जागी कर्करोगही आंत्रपुच्छाच्या गाठीचे सोंग आणू शकतो.

दुसरी गाठ क्षयाची. थुंकीबरोबर गिळलेले अथवा न तापविलेल्या दुधातून आलेले क्षयाचे जंतू आतड्याच्या भिंतीत ठाण मांडतात. भिंत जाड होते, मार्ग अरुंद होतो, लसीका ग्रंथी वाढतात. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, आणि जेवणानंतर पोट फुगून गुरगुरणे ही तिची ओळख. क्षयावर औषध नव्हते त्या काळी उपचार म्हणजे विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच असे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय स्थापन केले, आणि त्यांच्याच नावाने वसलेल्या वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले, त्याचे कारण हेच. आज स्थिती पालटली आहे. पोटाचा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, ही औषधे शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळतात, आणि आतडे तुंबले किंवा फुटले तरच शस्त्रक्रियेची गरज भासते.

तिसरी गाठ अमीबाची. जुन्या आवेच्या रोग्यात मोठ्या आतड्याच्या भिंतीत कधी कधी दाहाचा गोळा होतो व तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. १९१२ मध्ये कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीन टोचून आवेवर उपचार केले. पुढे मेट्रोनिडाझोलने एमेटीनची जागा घेतली. ज्या गोळ्यासाठी आतडे कापून काढावयाचे, तो काही दिवसांच्या गोळ्यांनी विरघळू शकतो, हे या विकाराचे वैशिष्ट्य होय.

विरळ गाठी

आता दोन विरळ विकार पाहू. त्यांपैकी पहिल्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते. रक्तातील प्रतिपिंडांचा एक उपप्रकार 'आय-जी-जी-४' या नावाने ओळखला जातो. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट दाहात रक्तातील हे प्रतिपिंड वाढलेले असतात असे दाखविले. पुढे हाच विकार पित्तनलिका, मूत्रपिंड, आणि पोटाच्या मागील भिंतीलगतच्या ऊतकांतही गाठी उत्पन्न करतो असे आढळून आले. स्वादुपिंडातील अशी गाठ कर्करोग समजून मोठी शस्त्रक्रिया केली जावी, आणि नंतर ती स्टेरॉइड औषधांनीच वितळली असती असे कळावे, असे प्रसंग जगभर घडले आहेत.

दुसरा विकार म्हणजे दाहयुक्त स्नायु-तंतुजनक अर्बुद. १९३९ मध्ये ब्रन यांनी फुप्फुसातील अशा गाठींची नोंद केली. १९५४ मध्ये उमिकर व आयव्हर्सन यांनी अशाच चार गाठींचे वर्णन करून त्यांस 'दाहोत्तर अर्बुदे' म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या असंख्य दाहपेशी दिसत. दाहपेशींच्या या गर्दीमुळे पुष्कळ काळ हे खरे अर्बुद नव्हेच, दाहाचा आभास आहे, असे मानले जाई व त्यास 'मिथ्या-अर्बुद' म्हणत. १९९५ मध्ये कॉफिन आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाबाहेरील ८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उदर व त्यालगतचा भाग हेच या गाठींचे प्रमुख स्थान ठरले. विशेषतः आतड्यांस धरून ठेवणारा पडदा, म्हणजे आंत्रबंध, आणि वपा येथे त्या होतात. रुग्ण बहुधा मुले किंवा तरुण असतात.

ही गाठ खरे अर्बुद आहे की नाही, या वादाचा निर्णय जनुकविज्ञानाने केला. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर 'ए-एल-के' नावाचे एक जनुक आहे. एरवी पुष्कळसे सुप्त असणारे हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकास चुकीच्या ठिकाणी जोडले जाते, आणि मग वाढीचा आदेश अखंड चालू राहतो. १९९९ च्या सुमारास असा बिघाड या गाठींत सापडला. सुमारे निम्म्या रुग्णांत तो असतो, व मुलांत अधिक प्रमाणात आढळतो. तेव्हा लांबट पेशी हे खरे अर्बुद, आणि दाहपेशी ही त्याने जमविलेली गर्दी, असा उलगडा झाला. या गाठी कर्करोगाइतक्या घातक सहसा नसतात. फुप्फुसाबाहेरील गाठी काढल्यानंतर अंदाजे चतुर्थांश रुग्णांत त्या त्याच जागी पुन्हा उद्भवतात, परंतु दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतात. पोटातच होणारा एक आक्रमक उपप्रकार मात्र याला अपवाद आहे.

निदानाचा मार्ग

आपल्या उदाहरणातील मुलीकडे आता परत वळू. तिचे रक्त तपासले तर रक्तक्षीणता दिसेल, रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ज्यास ई. एस. आर. म्हणतात, तो वाढलेला असेल, बिंबाणूही वाढलेले असतील. हे सारे क्षयात घडते. परंतु हेच सारे या विरळ अर्बुदातही घडते. कारण ही गाठ स्वतःच इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाहाचे संदेशक रक्तात सोडते, आणि त्यामुळे ताप, अरुची व कृशता उत्पन्न होते. सोनोग्राफीत गाठीचे स्थान व आकार दिसेल. सी. टी. स्कॅनमध्ये ती कोणत्या अवयवास चिकटली आहे, रक्तवाहिन्यांस किती वेढते, हे कळेल. पण दाह, क्षय, अर्बुद आणि लसीका ग्रंथींचा कर्करोग यांतील निवाडा छायाचित्रावरून निश्चितपणे करता येत नाही. ताप, रक्त आणि छायाचित्र हे तिन्ही साक्षीदार दोन्ही पक्षांची साक्ष देतात.

निवाडा करणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे गाठीचा तुकडा. सोनोग्राफीच्या किंवा सी. टी. स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून, दुर्बिणीने आतड्यातून, किंवा पोटास लहान छिद्र पाडून तो घेता येतो. बारीक सुईने केवळ सुट्या पेशी मिळतात, जाड सुईने ऊतकाचा सलग तुकडा मिळतो. दाहजन्य गाठींत सलग तुकडा अधिक उपयोगी ठरतो. कारण दाहपेशी नेमक्या कशाभोवती जमल्या आहेत, हे सलग रचना पाहिल्यावाचून समजत नाही. पुष्कळ खऱ्या कर्करोगांच्या कडेलाही दाह असतो, आणि केवळ कडेचा तुकडा मिळाल्यास 'दाह' एवढाच अहवाल येतो. म्हणून रोगाची लक्षणे आणि अहवाल यांचा मेळ बसत नसेल तर तुकडा पुन्हा घेण्यात संकोच करू नये.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. तुकडा दोन बाटल्यांत घालावयाचा असतो. एक भाग दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात, म्हणजे पेशींची रचना जशीच्या तशी टिकते. दुसरा भाग निर्जंतुक मिठाच्या पाण्यात, क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी. फॉर्मॅलिन जंतूंस मारून टाकते. सारा तुकडा त्यातच बुडविला तर जंतूंची वाढ करून पाहण्याची व कोणते औषध त्यांवर चालेल हे ठरविण्याची संधी कायमची हुकते. याच कारणास्तव शक्य असेल तेथे क्षयाची औषधे तुकडा घेण्यापूर्वी सुरू करू नयेत. एका बाटलीची ही बाब क्षुल्लक दिसते, परंतु कित्येक महिन्यांचा उपचार तिच्यावर अवलंबून असू शकतो.

फॉर्मॅलिनमधील तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात बसवितात, त्याचे अतिशय पातळ काप काढतात व काचपट्टीवर रंगवितात. पनीरासारखा मृत भाग व त्याभोवती दाहपेशींचे कोंडाळे दिसले तर क्षयाकडे बोट जाते. चातीच्या आकाराच्या पेशी दिसल्या तर त्याच ठोकळ्याच्या दुसऱ्या कापावर ए-एल-के प्रथिनाचा विशेष रंग चढवून पाहता येतो. 'आय-जी-जी-४' साठीही असाच रंग आहे. ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. मुंबईस १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. रुग्णाच्या खाटेपासून दूर बसून, काचपट्टीवरून रोगाचे नाव सांगणारे हे शास्त्र आपल्याकडे रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

उपचार

निदान झाल्यावर उपचाराची दिशा आपोआप ठरते, आणि ती प्रत्येक विकारात निराळी असते. क्षय असल्यास सहा महिने औषधे. अमीबा असल्यास त्याची औषधे. आय-जी-जी-४ चा विकार असल्यास स्टेरॉइड. येथे धोक्याची सूचना द्यावयास हवी. स्टेरॉइडने जवळजवळ कोणत्याही दाहाची सूज काही काळ उतरते व रुग्णास बरे वाटते. पण आत क्षय असल्यास तो भडकतो, आणि लसीका ग्रंथींचा कर्करोग असल्यास त्याची खूण झाकली जाते. निदानावाचून दिलेले स्टेरॉइड हे पुरावा पुसून टाकण्यासारखे होय.

दाहयुक्त स्नायु-तंतुजनक अर्बुदावर पहिला उपाय म्हणजे ते समूळ काढणे. आंत्रबंधातील गाठ असेल तर तिच्याबरोबर आतड्याचा थोडा भाग काढून टोके जोडावी लागतात. गाठ निघाली म्हणजे ताप ओसरतो, भूक लागते, रक्त सुधारते. हा बदल पुष्कळदा इतका स्पष्ट असतो की, पुढे कधी तीच लक्षणे परतली तर गाठ परतली असावी अशी शंका घ्यावी. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे ठराविक काळाने सोनोग्राफी करून घेणे आवश्यक ठरते.

जी गाठ काढणे शक्य नसते, तिच्यासाठी जनुकाचे ज्ञान उपयोगी पडले. २०१० मध्ये दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. दोघांनाही हेच अर्बुद होते व दोघांनाही क्रिझोटिनिब हे ए-एल-के रोखणारे औषध दिले गेले. ज्याच्या गाठीत त्या जनुकाचा बिघाड होता, त्याची गाठ आकसली. ज्याच्यात तो नव्हता, त्यास लाभ झाला नाही. एकाच नावाच्या दोन गाठी आतून भिन्न असू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या अर्बुदासाठी क्रिझोटिनिबला मान्यता दिली. त्यासाठी विचारात घेतलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांच्या व ७ प्रौढांपैकी ५ जणांच्या गाठी आकसल्या होत्या. आकडे लहान आहेत, पण विरळ रोगात ते लहानच असावयाचे. औषध महाग आहे, आणि म्हणूनच ते कोणास लागू पडेल हे आधी ठरविणे अधिक महत्त्वाचे होते.

गडहिंग्लजहून पुढील वाट

आता शेवटचा व खरा प्रश्न. गडहिंग्लजच्या मुलीने हे सारे कोठे करावयाचे ? गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयापासून कोल्हापूर, मिरज किंवा बेळगाव येथील मोठ्या रुग्णालयांची वाट एस. टी. ने काही तासांची आहे. मुंबईची वाट एका रात्रीची. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हे अंतर केवळ मैलांचे नसते. ते बुडालेल्या मजुरीचे, विकलेल्या दुभत्या जनावराचे आणि घरी मागे राहिलेल्या धाकट्या मुलांचेही असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक शस्त्रक्रियांचा भार हलका होतो. तथापि, फेऱ्यांचा भार राहतोच.

या ठिकाणी ऊतक-परीक्षेचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे : रुग्णाने प्रवास करण्याऐवजी तुकडा प्रवास करू शकतो. तुकडा जवळच्या मोठ्या रुग्णालयात घ्यावा, मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या तयार व्हाव्यात, आणि संशय उरल्यास तज्ज्ञांच्या मतासाठी त्या मुंबईस जाव्यात. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत असे दुसरे मत देण्याची सोय असते. मुलीने निदान हाती आल्यावरच, ठरलेल्या उपचारासाठी, एकदा प्रवास करावा. मात्र त्यासाठी कुटुंबाने दोन गोष्टी कराव्या. ऊतक-परीक्षेचा अहवाल, ठोकळ्याचा क्रमांक आणि छायाचित्रे एकत्र जपून ठेवावी. आणि औषधे सुरू करण्यास सांगितल्यास 'तुकड्याची तपासणी झाली का ?' हा प्रश्न नम्रपणे, पण अवश्य विचारावा.

तुकडा घेणे शक्यच नसेल व क्षयाचा संशय बळकट असेल, तर डॉक्टर विचारपूर्वक क्षयाची औषधे सुरू करतात. तो दोष नव्हे. परंतु तेव्हा दोन महिन्यांनी हिशेब घेतला पाहिजे. वजन वाढले काय, ताप गेला काय, गोळा लहान झाला काय ? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर औषध चालू ठेवून वाट पाहत बसणे योग्य नव्हे. मग गाठीचे मूळ पुन्हा शोधावे. विरळ अर्बुदाच्या रुग्णाची खरी हानी रोगापेक्षाही या वाट पाहण्यात होते. कारण आज जी गाठ समूळ निघू शकते, ती वर्षभरानंतर मोठ्या रक्तवाहिन्यांस वेढून बसलेली असू शकते.

आपल्या मुलीस काय झाले होते, याचे उत्तर हा लेख देऊ शकत नाही, आणि तेच त्याचे सांगणे आहे. तिला क्षय असेल तर ती सहा महिन्यांत बरी होईल. विरळ अर्बुद असेल तर एका शस्त्रक्रियेनंतर ती शाळेत परत जाऊ शकेल. दोन्ही वाटा आशेच्या आहेत. फक्त त्या एकमेकींहून भिन्न आहेत, आणि कोणती वाट धरावयाची हे आईच्या हाताला लागलेला गोळा सांगत नाही, ताप सांगत नाही, भय तर मुळीच सांगत नाही. ते सांगतो तो बाटलीतील लहानसा तुकडा.